बोट्स्वाना : हिऱ्यांचा पैसा नीट वापरला, मग विषमता कशी उरली?

मूळ लेख – पैलतीर

आफ्रिकेतील विकासाचा विषय निघाला की बोट्स्वानाचे नाव हटकून घेतले जाते, आणि बहुतेक वेळा ते कौतुकानेच घेतले जाते. या कौतुकाला आधार आहे. ३० सप्टेंबर १९६६ रोजी बेचुआनालँड हा ब्रिटिश संरक्षित प्रदेश बोट्स्वाना या नावाने स्वतंत्र झाला, तेव्हा संपूर्ण देशात डांबरी रस्ता अवघा १२ किलोमीटर होता आणि सरकारचा रोजचा खर्चही ब्रिटिश अनुदानाविना भागत नव्हता. प्रदेशाचा कारभार तर १९६५ पर्यंत सरहद्दीपलीकडच्या माफेकिंग गावातून, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरून चालत असे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, त्यातला मोठा भाग कालाहारीचा, आणि आजची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतील नागपूर शहराएवढी, म्हणजे २४ लाखांच्या आसपास. अशा या देशाने पुढची तीन दशके जगातील सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांमध्ये स्थान टिकवले, दर पाच वर्षांनी निवडणुका घेतल्या आणि लष्करी उठाव एकदाही पाहिला नाही.

तरीही विश्व बँकेच्या २०२२ च्या अहवालाने दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघाच्या पाच देशांचा प्रदेश (दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना, एस्वातिनी आणि लेसोथो) जगातील सर्वाधिक विषम प्रदेश ठरवला. उत्पन्नातील विषमता मोजणारा जिनी निर्देशांक (आकडा शंभराच्या जितका जवळ, तितकी विषमता जास्त) दक्षिण आफ्रिकेत ६३, नामिबियात ५९ आणि बोट्स्वानात ५३ आहे. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या बाबतीत कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही, वर्णद्वेषी राजवटीने जमीनच काढून घेतली होती. बोट्स्वानात गोऱ्या वसाहतवाल्यांनी व्यापलेली जमीन तुलनेने थोडी होती, राज्यकर्ते स्थानिक होते आणि खनिजांचा पैसा कोणी स्वित्झर्लंडला नेला नाही. मग तिथे असे का व्हावे?

नेहमीचे उत्तर असे दिले जाते, की प्रामाणिक कारभाराने वाढ झाली आणि विषमता हळूहळू कमी होईल. मला हे उत्तर अर्धवट वाटते. सरकारने उत्पन्न प्रामाणिकपणे हाताळले, याबद्दल दुमत नाही. परंतु मालमत्तेची वाटणी हिऱ्यांच्या आधीच झालेली होती, ती जनावरांच्या आणि पाण्याच्या रूपाने झालेली होती, आणि ज्यांच्याकडे ती मालमत्ता होती तेच लोक सरकारात बसले होते. त्यांनी सार्वजनिक पैसा खाल्ला नाही, पण स्वतःच्या गोठ्यालाही हात लावू दिला नाही.

आधी हिऱ्यांविषयी. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे बामांग्वाटो या सर्वांत मोठ्या टोळीच्या राजघराण्यातले होते. १९६७ च्या कायद्याने भूगर्भातील खनिजांवरचा हक्क टोळ्यांकडून काढून राष्ट्राकडे देण्यात आला, आणि त्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांची खाण सापडली, ती नेमकी खामांच्या टोळीच्या मुलखात. आपल्या लोकांचे घबाड त्यांनी आपण होऊन देशाच्या स्वाधीन केले, हे मान्य करायलाच हवे. नायजेरियात तेलावरून आणि काँगोत तांब्यावरून जे झाले, ते इथे झाले नाही याचे एक मोठे कारण हा निर्णय आहे. डी बीअर्स कंपनीबरोबरच्या संयुक्त उपक्रमात सरकारचा वाटा आधी १५ टक्के होता, तो १९७५ मध्ये वाटाघाटींनी ५० टक्क्यांवर नेण्यात आला. १९८२ मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली, जी मूल्याच्या हिशेबाने जगातील सर्वांत श्रीमंत हिऱ्यांची खाण मानली जाते. कर, स्वामित्वधन आणि लाभांश मिळून या उपक्रमाच्या नफ्यातील सुमारे ८० टक्के हिस्सा सरकारी तिजोरीत येतो. अर्थमंत्री आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या क्वेट मासिरे यांनी हा पैसा शाळा, दवाखाने, रस्ते आणि नळयोजना यांत घातला, आणि उरलेल्या पैशासाठी १९९४ मध्ये पुला फंड हा राखीव निधी उभा राहिला.

आता जनावरांविषयी, कारण खरा विषय तोच आहे. बोट्स्वानातील बहुसंख्य असलेल्या त्स्वाना समाजात गुरे म्हणजे बँक, प्रतिष्ठा आणि हुंडा (तिथे तो वराकडून वधूकडे जातो) हे सर्व एकत्र. चराऊ जमीन टोळीच्या सामाईक मालकीची असे आणि ज्याच्याकडे गुरे जास्त तो ती गरिबाकडे सांभाळायला देई. दूध आणि नांगराला बैल गरिबाला, वासरे मात्र मालकाची. या पद्धतीला माफिसा म्हणत. ती समतेची व्यवस्था नव्हती, पण ती गरिबाला उपाशी राहू देत नसे. विसाव्या शतकात कूपनलिका आल्या आणि चित्र बदलले. कोरड्या प्रदेशात गवत कितीही असले तरी पाणी नसेल तर त्याचा उपयोग शून्य. दोन कूपनलिकांमध्ये आठ किलोमीटरचे अंतर राखण्याचा नियम असल्यामुळे, ज्याने एक कूपनलिका खणली त्याच्या हाती कागदावर काहीही न लिहिता भोवतालची अफाट चराई आली. कूपनलिका खणण्याएवढा पैसा टोळीप्रमुख, मोठे गुरेमालक आणि सरकारी अधिकारी यांच्याकडेच होता. १९७० च्या दशकाच्या मध्यात सरकारने स्वतःच केलेल्या पाहणीत असे दिसले, की ग्रामीण भागातील जवळपास निम्म्या घरांकडे एकही जनावर नव्हते.

पाहणीचे निष्कर्ष हातात असताना सरकारने १९७५ मध्ये जे चराऊ जमीन धोरण आणले, त्यात सामाईक जमिनीचे मोठे तुकडे कुंपण घालून व्यक्तींना भाडेपट्ट्याने देण्याची तरतूद होती. कारण असे दिले गेले, की मोठे मालक कुंपणात गेले म्हणजे सामाईक कुरणावरचा ताण कमी होईल आणि लहान मालकाला जागा मिळेल. झाले उलटेच. मोठ्या मालकांनी कुंपणातले गवत राखून ठेवले आणि ते संपले की गुरे पुन्हा सामाईक कुरणात सोडली, कारण तिथला त्यांचा हक्क कोणी काढून घेतला नव्हता. याच काळात युरोपीय समुदायाने बोट्स्वानाच्या गोमांसाला लोमे करारान्वये आयात शुल्कात मोठी सूट दिली, लोबात्सेच्या सरकारी कत्तलखान्यातून मांस युरोपात जाऊ लागले आणि वाढीव किमतीचा लाभ अर्थातच ज्याच्याकडे विकायला गुरे होती त्याला मिळाला.

हिऱ्यांनी या रचनेला धक्का दिला नाही, कारण हिऱ्याची खाण रोजगार फारसा देत नाही. देशाच्या निर्यातीचा सुमारे चार पंचमांश भाग हिऱ्यांचा आहे, आणि खाणीत काम करणारी माणसे काही हजार. पैसा खाणीतून सरकारकडे, सरकारकडून पगार आणि कंत्राटांच्या रूपाने शहरातल्या शिकलेल्या वर्गाकडे, आणि त्या वर्गाकडून पुन्हा गुरांकडे गेला.

चर्चेसाठी एवढे पुरे. अनुभव असलेल्यांनी अवश्य लिहावे.

प्रतिसाद – मोजपट्टी

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु एका बाबतीत आपण सरकारवर अन्याय करत आहात असे वाटते. जिनी निर्देशांक घराच्या हातात येणारे उत्पन्न किंवा खर्च मोजतो. फुकट मिळणारी शाळा, दवाखाना आणि औषधे त्यात धरली जात नाहीत. २००२ मध्ये बोट्स्वानाने सर्व एचआयव्हीबाधितांना मोफत औषधोपचार देणारी ‘मासा’ योजना सुरू केली, तेव्हा आफ्रिकेत दुसऱ्या कोणत्याही देशाने हे धाडस केले नव्हते, आणि त्या वेळी तिथल्या दर चार प्रौढांपैकी एकाहून अधिक जण बाधित होता. अपेक्षित आयुर्मान पन्नाशीपर्यंत घसरलेला देश त्यातून सावरला. या औषधांची किंमत गरीब घराच्या उत्पन्नात मिळवली तर विषमतेचा आकडा बराच खाली येईल.

दुसरे म्हणजे कल पाहा. दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्या २००२-०३ मध्ये ३०.६ टक्के होती, ती २००९-१० मध्ये १९.३ टक्के आणि २०१५-१६ मध्ये १६.३ टक्के झाली. जिनी याच काळात ६४.७ वरून ६०.५ आणि मग ५३.३ वर आला. विषमता ‘टिकून राहिली’ असे म्हणणे आकड्यांना धरून नाही. ती उतरते आहे, फक्त फार वरून उतरते आहे.

प्रतिसाद – पैलतीर

मोजपट्टी, कल उतरता आहे हे मान्य, आणि एचआयव्हीवरील योजनेबद्दल आपण लिहिले ते लेखात यायलाच हवे होते. मात्र उतार कशामुळे आला ते पाहिले पाहिजे. १९९६ पासून ६५ वर्षांवरील प्रत्येकाला मिळणारे निवृत्तिवेतन, निराधारांना शिधा आणि ‘इपेलेगेंग’ या रोजगार योजनेतील तुटपुंजी मजुरी, ही त्याची मुख्य साधने आहेत. म्हणजे हिऱ्यांच्या पैशातून गरिबाच्या ताटात वाढले गेले. त्याला स्वतःचे कमावण्याचे साधन मिळाले नाही. अलीकडच्या वर्षांत बेरोजगारी २५ टक्क्यांच्या वरच राहिली आहे. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात रोजगार हमी आली ती कायद्याने मागता येणारा हक्क म्हणून. इपेलेगेंगमध्ये मात्र काम पाळीपाळीने वाटले जाते, आणि नाव लागले नाही तर पुढच्या पाळीची वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही.

प्रतिसाद – तांबडी माती

यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही राजधानी गाबोरोने येथे काही वर्षे राहिलो. लेखातील गुरांचा मुद्दा वाचून तिथल्या शुक्रवार दुपारची आठवण झाली, म्हणून लिहिते.

शुक्रवारी चारच्या सुमारास सरकारी कचेऱ्या रिकाम्या होऊ लागत आणि शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर पिकअप गाड्यांची रांग लागे. मागच्या हौद्यात पशुखाद्याची पोती, मिठाचे चाटण, पाण्याचे प्लास्टिकचे पिंप, डिझेलचे डबे आणि कधी कधी कूपनलिकेच्या पंपाचा दुरुस्त करून आणलेला भाग. चालवणारा खात्याचा उपसचिव असेल, बँकेचा व्यवस्थापक असेल किंवा विद्यापीठातला प्राध्यापक. सगळे आपापल्या मोराकाला, म्हणजे गुरांच्या तळाला निघालेले असत. माझ्या यजमानांचे वरिष्ठ सोमवारी बैठकीला येत तेव्हा आधी दहा मिनिटे कोणत्या गाईला वासरू झाले याचेच बोलणे चाले, आणि ते मोठ्या प्रेमाने बोलत.

त्यांच्या तळावर आम्ही एकदा गेलो होतो. काट्यांच्या फांद्यांचे गोल कुंपण, बाजूला पंप आणि सिमेंटचे हाळ. गुरे राखणारा माणूस पत्र्याच्या एका खोपटात एकटा राहत असे. त्याच्याकडे मक्याच्या पिठाची एक गोणी, चहा, साखर आणि एक रेडिओ होता. पगार किती ते मालकांनी आपणहून सांगितले, त्यात त्यांना काही लपवण्यासारखे वाटत नव्हते. पगाराशिवाय त्याला पीठ आणि दूध मिळते, असे ते म्हणाले. शेतमजूर आणि घरकामगार यांचा किमान वेतनदर तिथे इतर उद्योगांपेक्षा कमीच ठेवलेला आहे, त्यामुळे ते कायद्याबाहेरही नव्हते. हे गृहस्थ अतिशय सज्जन होते, एका पुलाचीही (पुला हे तिथले चलन) लाच त्यांनी कधी घेतली नसेल. पैलतीर यांनी जे लिहिले आहे ते मला त्या दिवशी शब्दांत सांगता आले नसते, पण डोळ्यांनी पाहिले ते हेच.

शहरातही अंतर फार नव्हते. गोल्फचे मैदान असलेली फाकालाने वसाहत आणि राजधानी बांधायला आलेल्या मजुरांच्या झोपड्यांतून वाढलेली ओल्ड नालेदी, दोन्ही एकाच शहरात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ओल्ड नालेदीहून कोंबीने, म्हणजे तिथल्या मिनीबसने येत. आम्ही भारतीय मंडळी कोणत्या बाजूला राहत होतो ते वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद – काठावरचा

खोत्ला या गावसभेबद्दल बरेच वाचले आहे. टोळीप्रमुखासमोर कोणीही उभे राहून बोलू शकतो, म्हणून बोट्स्वानाची लोकशाही मुळापासून आहे असे सांगितले जाते. मग गुरे नसलेले लोक तिथे काही बोलले नाहीत का? आणि बसार्वा, म्हणजे कालाहारीतले मूळचे शिकारी लोक, यांच्याबद्दल कोणीच लिहिलेले नाही.

प्रतिसाद – पैलतीर

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. खोत्लामध्ये बोलण्याची मुभा होती, पण बायका आणि अधीन टोळ्यांचे लोक पूर्वी तिथे बसतही नसत; आणि ज्याचे बैल नांगराला आणायचे आहेत त्याच्याविरुद्ध चारचौघांत कोण बोलणार? १९७५ च्या धोरणाआधी सरकारने देशभर सभा घेतल्या, रेडिओवरून ऐकणाऱ्यांचे गट बनवले, हजारो लोकांची मते नोंदवली. सल्लामसलतीत कसर ठेवली नाही. मात्र ज्या जमिनी ‘रिकाम्या’ समजून कुंपणासाठी काढल्या गेल्या, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी बसार्वा राहत होते, शिकार करत होते, कंदमुळे गोळा करत होते. त्यांच्याकडे गुरे नव्हती, म्हणून नकाशावर ते दिसलेच नाहीत.

मध्य कालाहारी अभयारण्यातून १९९७ आणि २००२ मध्ये त्यांना न्यू झाडे यांसारख्या वसाहतींत हलवण्यात आले. सरकारचे म्हणणे असे, की तिथे शाळा आणि दवाखाना देता येतो, अरण्यात देता येत नाही. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हे स्थलांतर बेकायदा ठरवले, त्यानंतर अरण्यातील त्यांची बंद केलेली कूपनलिका वापरू देण्यासाठी त्यांना पुन्हा न्यायालयात जावे लागले, आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने तोही हक्क मान्य केला. स्वतंत्र न्यायालये असलेल्या देशात हे घडू शकले हे बोट्स्वानाच्या बाजूने मांडावे लागेल. पण पाण्यासाठी दावा लढणारा कोण आणि कर्जाने कूपनलिका खणणारा कोण, हेही त्याच पानावर मांडावे लागेल.

प्रतिसाद – टांकसाळ

दक्षिण आफ्रिकेला ‘कारण उघड आहे’ म्हणून एका वाक्यात बाजूला काढलेले पटले नाही. १९१३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना जमीन घेण्यासाठी देशाचा सुमारे ७ टक्के भाग ठेवला आणि १९३६ मध्ये तो १३ टक्क्यांच्या आसपास नेला, हे खरे. पण बोट्स्वानातील विषमतेची एक मुळी तिथेच गेलेली आहे. बेचुआनालँडवर घरपट्टी बसवली गेली ती भरण्यासाठी तिथले पुरुष दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत जात, आणि हे पुढे अनेक दशके चालले. लेसोथो, मोझांबिक आणि मलावीचीही हीच कथा. खाणीने तरुणपणातली वर्षे घ्यायची, आणि आजारपण व म्हातारपण गावातल्या बायकांनी सांभाळायचे, असा तो हिशेब होता. एका देशाच्या सीमेत राहून ही विषमता समजणार नाही.

जाता जाता एक मराठी संदर्भ. नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले होते. नाताळमधील करारमुक्त हिंदी मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा वार्षिक कर रद्द व्हावा, ही त्यांची मुख्य मागणी होती. तो कर उत्पन्नासाठी कमी आणि मजुराला पुन्हा मळ्यात करार करायला भाग पाडण्यासाठी जास्त होता. बेचुआनालँडची घरपट्टी आणि नाताळचा हा कर यांमागची युक्ती एकच. १९९४ नंतर दक्षिण आफ्रिकेने वीज, घरे आणि बालसंगोपन अनुदान यांवर अतोनात खर्च केला, परंतु बेरोजगारी ३० टक्क्यांच्या वर आहे आणि कामाची ठिकाणे अजून जुन्या गोऱ्या शहरांतच आहेत. मजूर पगाराचा मोठा हिस्सा मिनीबसच्या भाड्यात घालतो. ऑगस्ट २०१२ मध्ये मारिकाना येथे पगारवाढ मागणाऱ्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, ते लोकशाही सरकारचे पोलीस होते.

प्रतिसाद – पैलूकाम

मी मुंबईच्या हिरे बाजारात, वांद्रे-कुर्ला संकुलात काम करतो, त्यामुळे एका बाबीची भर घालतो. २०१३ मध्ये डी बीअर्सने कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून गाबोरोनेला हलवली, तेव्हापासून आमच्याकडचे लोक दर काही आठवड्यांनी तिकडे माल पाहायला जातात. बोट्स्वाना सरकारची अट अशी, की काही माल तिथेच पैलू पाडून विकायचा. म्हणून भारतीय मालकांनी गाबोरोनेत कारखाने काढले. स्पष्ट सांगायचे तर बरेच कारखाने कच्चा माल मिळत राहावा म्हणून चालवले गेले. कारण तिथली मजुरी सुरतेच्या कितीतरी पट आहे, आणि जगातले बहुतांश हिरे सुरतेतच घडतात.

आता गंमत पाहा. प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांचे मोठे केंद्रही सुरतच आहे. जून २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेत जिल बायडेन यांना साडेसात कॅरटचा असा हिरा भेट दिला होता. त्या मालाने खाणीतल्या हिऱ्याचा भाव पाडला, आणि २०२४ मध्ये बोट्स्वानाची अर्थव्यवस्था सुमारे ३ टक्क्यांनी आकसली. गाबोरोनेत कारीगर कमी केले गेले, त्यात बहुसंख्य स्थानिक मुली होत्या. सुरतेतही हजारो कारीगर घरी बसले. दोन्हीकडच्या कारीगरांना एकमेकांची खबर नाही, आम्हा दलालांना दोन्हीकडची असते.

प्रतिसाद – पैलतीर

टांकसाळ यांचा आक्षेप रास्त आहे. घरपट्टी आणि खाणमजुरी हा भाग मी गाळायला नको होता. ज्या घरातला पुरुष विटवॉटर्सरँडच्या खाणींत गेला आणि पैसे पाठवू शकला नाही, त्या घराची गुरे आधी संपली, असा त्याचा माफिसाशी थेट संबंध लागतो.

पैलूकाम यांनी सांगितलेल्या मंदीचा राजकीय परिणाम ३० ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत दिसला. स्वातंत्र्यापासून ५८ वर्षे सत्तेवर असलेला डेमोक्रॅटिक पक्ष अक्षरशः वाहून गेला आणि डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. सत्तांतर शांततेत पार पडले. त्यांच्या आघाडीने महिना ४,००० पुला किमान वेतनाचे आश्वासन दिले होते, पण तिजोरी रिकामी होत चालली होती, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी रुग्णालयांतील औषधटंचाईमुळे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. मोजपट्टी यांनी ज्या मोफत औषधांना विषमता कमी करणारे साधन म्हटले, ते साधन हिऱ्याच्या भावाला किती घट्ट बांधलेले होते हे यावरून कळते. गरिबाच्या वाट्याचे सगळे तिजोरीतून येत होते आणि तिजोरी खाणीवर उभी होती. श्रीमंताच्या वाट्याची जमीन मात्र भावाबरोबर खाली गेली नाही.

नव्या सरकारचा भर डी बीअर्समधला वाटा वाढवण्यावर आहे. आज मूळ कंपनीत (खाणींच्या संयुक्त उपक्रमातल्या ५० टक्क्यांखेरीज) बोट्स्वानाचा हिस्सा १५ टक्के आहे आणि तो बहुमतापर्यंत नेण्याची इच्छा उघडपणे बोलून दाखवली गेली आहे. पडत्या बाजारात कंपनी विकत घ्यावी का, यावर पैलूकाम यांनी सविस्तर लिहावे. माझे लक्ष दुसरीकडे आहे. १९७५ च्या धोरणाखाली कुंपणातल्या चराऊ जमिनी दिल्या गेल्या त्या ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. त्यांतले सुरुवातीचे पट्टे येत्या काही वर्षांत संपत येतील. ते त्याच घराण्यांना नूतनीकरण करून द्यायचे, भाडे बाजारभावाने लावायचे, की जमीन पुन्हा सामाईक करायची, हा निर्णय टोळ्यांच्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या भू-मंडळांना घ्यावा लागेल, आणि त्यासाठी हिऱ्याचा भाव वाढण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.